सरासरीवर रब्बी ठरवू नका: गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत

दसरा जवळ आला की मला फोन येऊ लागतात. "मॅडम, तालुक्यात सरासरीच्या चौऱ्याण्णव टक्के पाऊस झालाय. यंदा कांदा वाढवायला हरकत नाही ना?" पावसातला चढउतार आणि भूजल यांचं नातं हा माझा अभ्यासाचा विषय, आणि माझी बहुतेक गावं माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्यातली. अशा प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणत नाही. उलट विचारते: तो पाऊस किती दिवसांत पडला? मे महिन्यात विहिरीचं पाणी कुठे होतं, आज कुठे आहे? गावात माणसं किती, जनावरं किती? या चार प्रश्नांची उत्तरं ज्या गावाकडे लिहून ठेवलेली असतात, त्या गावाला मला फोन करायची गरजच उरत नाही. ती उत्तरं कशी मिळवायची आणि त्यांवरून किती पेरायचं हे कसं ठरवायचं, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी सरासरीबद्दल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत, माणदेशात, तो पाचशेच्या आसपास येतो. सह्याद्रीच्या सावलीतल्या या पट्ट्यात पाऊस कमी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याहून अवघड गोष्ट ही की तो बेभरवशाचा आहे. जिथे पाऊस कमी, तिथे एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाशी मेळ कमी. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला, पुढच्या उन्हाळ्यात जनावरं छावणीत होती, आणि २०१९ च्या परतीच्या पावसानं डाळिंबाच्या बागांत पाणी साचलं. या दोन वर्षांची सरासरी काढली तर आकडा बरा दिसेल. तसं वर्ष मात्र कुणीच अनुभवलेलं नाही. म्हणून ताळेबंद मांडताना सरासरी हा फक्त एक रकाना ठेवायचा, पाया करायचा नाही.

पाऊस स्वतः मोजा

महसूल मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर असू शकतं. वळवाचा पाऊस तर ओढ्याच्या एका काठावर पडतो आणि दुसरा काठ कोरडा राहतो. सरकारी आकडा विमा आणि मदतीसाठी लागतो, त्याला तुम्ही बदलू शकत नाही; पण तुमच्या विहिरीत येणारं पाणी तुमच्या शिवारात पडलेल्या पावसाचं असतं.

साधं पर्जन्यमापक विकत मिळतं. नाही मिळालं तर सरळ उभ्या बाजूंचं, सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं. वरपासून खालपर्यंत रुंदी सारखी असली की भांड्यात जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. भांडं मोठं की लहान, याने फरक पडत नाही. नरसाळं आणि बाटली वापरणार असाल तर थोडं गणित आहे. नरसाळ्याचं तोंड २० सेंटीमीटर व्यासाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे बाटलीतले दर ३१.४ मिलिलिटर हे एक मिलिमीटर पावसाचे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मोजपात्राने हे नीट मोजता येतं.

जागा निवडताना घाई करू नका. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवं. गच्चीच्या कठड्याला चिकटवलेलं मापक वाऱ्याच्या दिवशी हमखास कमी दाखवतं. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण हवामान खातंही त्याच वेळी वाचतं आणि मग तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. पाऊस नसेल त्या दिवशी रकाना रिकामा सोडायचा नाही, शून्य लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे "पाहिलं नाही" आणि शून्य म्हणजे "पाहिलं, पडला नाही". वर्षाअखेरीला या दोहोंतला फरक फार महाग पडतो.

हे काम कुणी करावं? माझा अनुभव असा की रोज एकाच वेळी घरी असणारी व्यक्ती निवडावी. उत्साही तरुण जुलैपर्यंत टिकतात. अंगणवाडी सेविका, शाळेचे शिपाई, दूध संकलन केंद्रावर सकाळी हजर असणारा माणूस, हे वर्षानुवर्षं टिकतात. आटपाडीकडच्या एका गावात एक आजी ही नोंद ठेवतात. त्यांच्या वहीत मिलिमीटरच्या शेजारी नक्षत्र असतं आणि त्यापुढे "ओढा वाहिला" किंवा "नुसती भुरभुर" असा शेरा. तो शेरा मला आकड्याइतकाच उपयोगी पडतो. ओढा कोणत्या पावसाला वाहिला हे कळलं की शिवारातली माती किती पाणी धरते, याचा अंदाज येतो.

तीस वर्षांचा कागद

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम, आणि बहुतेक गावं नेमकं हेच टाळतात. मागच्या तीस वर्षांचा पाऊस एका कागदावर उतरवायचा. तालुक्याचे आकडे कृषी विभागाकडे मिळतात, पुण्याच्या हवामान खात्याकडे मागता येतात. पाटबंधारे विभागाची जुनी वसाहत, साखर कारखाना, एखादं कृषी संशोधन केंद्र जवळ असेल तर त्यांच्याकडेही वह्या असतात. दर वर्षासाठी एक ओळ. ओळीत वर्षाचा एकूण पाऊस, पावसाचे दिवस (हवामान खातं अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस मोजतं), सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा आणि कोणत्या नक्षत्रात, आणि ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झालेले दिवस किती.

हा कागद तयार झाला की आधी एकूण पावसाचा रकाना घ्या आणि वर्षं उतरत्या क्रमाने लावा. सर्वांत जास्त पावसाचं वर्ष पहिलं, सर्वांत कमी पावसाचं तिसावं. आता वरून तेविसाव्या ओळीवर बोट ठेवा. तो आकडा म्हणजे तुमच्या गावाचा ७५ टक्के विश्वासार्ह पाऊस: चारपैकी साधारण तीन वर्षांत निदान इतका तरी पडतो. धरणं बांधताना पाटबंधारे खातं येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, ठरवतं ते याच तत्त्वावर. मोठ्या धरणाला जो हिशेब लागू, तो पाझर तलावाच्या गावाला का नको? बारमाही पीक, नवी फळबाग, नवी पाइपलाइन, अशा वर्षानुवर्षं पाणी मागणाऱ्या गोष्टी या तेविसाव्या ओळीवर बेतायच्या. सरासरीवर बेतलेली बाग दर दोन-तीन वर्षांनी टँकर मागते.

मग दुसरे रकाने पाहा. ४५० मिलिमीटर पाऊस पस्तीस दिवसांत पडला आणि तेवढाच पाऊस पाच-सहा दिवसांत कोसळला, तर तालुक्याच्या यादीत दोन्ही वर्षं सारखीच दिसतात. पहिल्या वर्षी खरीप बाजरी हाताला लागते. दुसऱ्या वर्षी बाजरी करपते. तलाव भरतो, पण मुरमाड माळावरचं बरंच पाणी गाळ घेऊन सांडव्यावरून निघून जातं. पिकाचा हिशेब खंडाच्या रकान्यात असतो आणि विहिरीचा हिशेब मुसळधार दिवसांच्या रकान्यात. एक रकाना पाहून दोन्ही ठरवता येत नाहीत.

अशा कागदातून किती निघतं, हे मी सुलोचना गाडगीळ यांच्या कामातून शिकले. पुण्यात जन्मलेल्या या शास्त्रज्ञ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. मान्सूनचा ढगांचा पट्टा कसा सरकतो यावरचं त्यांचं संशोधन जगभर वाचलं जातं, पण मला जास्त जवळचं वाटतं ते त्यांनी कर्नाटकातल्या पावगड भागात कोरडवाहू भुईमुगावर केलेलं काम. शेतकऱ्यांशी बोलून त्यांनी आधी समजून घेतलं की शेतकऱ्याच्या हातात नेमके कोणते निर्णय आहेत. मग जुन्या पावसाच्या नोंदींवर पिकाचं गणिती प्रारूप चालवून पाहिलं की कोणत्या तारखांना पेरलं तर जोखीम कमी होते. आधी निर्णय, मग माहिती, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तुमचा कागदही तसाच वाचा. "आमच्याकडे खंड पडतो" एवढं म्हणून थांबू नका. तीसपैकी किती वर्षांत आश्लेषा-मघात पंधरा दिवसांहून मोठा खंड पडला, हे मोजा. तो तीसपैकी बारा वर्षांत पडला असेल, तर त्या काळात फुलोऱ्यात येणारं वाण निवडायचं की नाही, हा विचार मृगातच करायला हवा.

एल निनोचं काय करायचं

उन्हाळ्यात बातम्यांत एल निनो आला की गावात घबराट पसरते. प्रशांत महासागराचा विषुववृत्तालगतचा मध्य आणि पूर्व भाग नेहमीपेक्षा तापला की आपल्या मान्सूनवर बहुधा वाईट परिणाम होतो. हा संबंध शोधण्याची सुरुवातच मुळी आपल्याकडे झाली: भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर १९०४ पासून वीस वर्षं मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी चाळत होते, त्यातून प्रशांत महासागरावरचा दाबाचा झोका, म्हणजे एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला घटणं, त्यांना सापडला.

पण "बहुधा" हा शब्द विसरू नका. २००२, २००९, २०१५ ही एल निनोची वर्षं, तिन्हींत देशात पाऊस चांगलाच कमी पडला. २०१५ च्या तुटीनंतर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. उलट १९९७ चा एल निनो फार तीव्र असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागरातली परिस्थिती मान्सूनला अनुकूल होती. २०२३ मध्ये एकूण तूट सहा टक्क्यांचीच, पण ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे देशाचा आकडा जेमतेम ढळला, आणि पीक भरायच्या महिन्यात पावसाने पाठ फिरवली.

म्हणून तुमच्या तीस वर्षांच्या कागदावर एल निनोच्या वर्षांपुढे लाल खूण करा आणि तुमच्या गावात त्या वर्षांत काय झालं ते पाहा. खुणा बहुतेक तळाच्या दहा ओळींत गोळा झाल्या असतील तर एप्रिलचा अंदाज तुमच्यासाठी अर्थपूर्ण आहे. अशा वर्षी उन्हाळी पीक आवरतं घ्या आणि तलावातलं उरलेलं पाणी जुलैअखेरपर्यंत पुरवा. खुणा वरखाली विखुरल्या असतील तर त्या बातमीवरून काहीच ठरवू नका. हवामान खात्याचा एप्रिल आणि मे अखेरचा हंगामी अंदाज प्रामुख्याने देशासाठी आणि मोठ्या विभागांसाठी असतो, एका गावच्या शिवारासाठी नाही. माणदेशातल्या गावाला खरा निर्णय ऑक्टोबरात घ्यायचा असतो. तेव्हा अंदाजाची गरज नसते, पाणी जमिनीत आलेलं असतं आणि ते मोजता येतं.

विहिरी वाचा

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टचा. या खडकात पाणी सगळीकडे सारखं नसतं. मुरूम, भेगाळ खडक, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा खडक) यांत ते साठतं आणि खालच्या काळ्या पाषाणात जवळपास नसतं. म्हणून एकच विहीर मोजून भागत नाही. शिवाराचे तीन भाग करा: माथ्याकडचा, मधला आणि ओढ्याकाठचा. प्रत्येक भागातल्या निदान तीन-चार विहिरी निवडा. रोज जोरात उपसा होणारी विहीर नको. पडीक आणि गाळाने भरलेलीही नको.

कठड्यावर रंगाने एक ठळक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून वजन बांधलेला टेप खाली सोडा. "विहिरीत दोन परस पाणी आहे" असं सांगायची आपली पद्धत आहे, पण ताळेबंदासाठी खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये हवं. मोजायच्या आधी रात्रभर मोटर बंद असावी. दोन मोजण्या कधीही चुकवायच्या नाहीत: मे अखेर, पाऊस यायच्या आधी; आणि ऑक्टोबर, परतीचा पाऊस ओसरल्यावर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी याच काळात मोजते. तुमच्या शिवारात त्यांची एखादी विहीर असेल तर तिची जुनी नोंद मागून घ्या, तिच्यामुळे तुमचा कागद एकदम जुना आणि भक्कम होतो.

पाचशे-सातशे फुटांच्या बोअरवर गावाचा हिशेब बांधू नका. तिथे लागणारं पाणी बहुतेकदा थोड्या भेगांतलं असतं आणि एका पावसाळ्यात ते भरून येईल याचा भरवसा नसतो.

हिशेब

एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर, म्हणजे दहा घनमीटर पाणी होतं. हजार घनमीटर म्हणजे एक टीसीएम, दहा लाख लिटर. बाकी सगळं याच मापात. समजा गाव हजार हेक्टरचं, लोकवस्ती दोन हजार, पाऊस ४५० मिलिमीटर. आकाशातून आलेलं पाणी ४,५०० टीसीएम. ऐकायला प्रचंड वाटतं, पण यातला मोठा वाटा माती आणि पिकं यांतून पुन्हा हवेत जातो, काही ओढ्याने वाहून जातो. बेसाल्टच्या मुलखात भूजलात मुरणारा वाटा पावसाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरायचा: इथे ४५० टीसीएम.

हाच आकडा विहिरींकडून पडताळून घ्या. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पातळी सरासरी तीन मीटर वर आली, डोंगरउतार वगळून ८०० हेक्टरखाली पाणी धरणारा थर आहे, आणि अशा खडकातून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या दोन टक्के धरलं, तर ४८० टीसीएम. दोन वाटांनी आलेले आकडे जवळ आले म्हणजे तुमची मापं ठीक आहेत. एक दुसऱ्याच्या दुप्पट निघाला तर आधी विहिरींची निवड तपासा.

४८० सगळं वापरायचं नाही. भूजल मूल्यांकनात सत्तर टक्क्यांपर्यंत उपसा असलेलं क्षेत्र सुरक्षित धरतात, तीच मर्यादा पाळू: ३३६ टीसीएम. यातून सर्वांत आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. दोन हजार माणसांना रोज माणशी ५५ लिटर, वर्षभर: ४० टीसीएम. पाचशे गाई-म्हशींना ६० लिटर: ११. हजार शेळ्या-मेंढ्यांना सहा लिटर: दोन. एकूण ५३. हिशेब ऑक्टोबरात होत असला तरी पाणी पूर्ण वर्षाचं काढायचं, कारण मृग कोरडा गेला तर जुलैतही याच साठ्यावर राहायचं आहे. उरले २८३ टीसीएम. टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनेचं आवर्तन मिळत असेल तर ते वेगळं लिहा, आणि पाणी प्रत्यक्ष आल्याशिवाय जमेत धरू नका.

आता २८३ टीसीएममध्ये काय बसतं? उसाला हेक्टरी सुमारे २० टीसीएम लागतं, म्हणजे चौदा हेक्टर. गव्हाला चार धरलं तर सत्तर हेक्टर. काळ्या जमिनीच्या ओलीवर घेतलेल्या हरभऱ्याला दीड टीसीएमची संरक्षित पाणी दिली तर १८८ हेक्टर. ग्रामसभेत मी आणखी एकच आकडा सांगते: दोन हेक्टर ऊस वर्षभरात जितकं पाणी पितो, तितक्यात ही दोन हजार वस्ती वर्षभर पिऊ शकते. सभा शांत होते आणि मग खरी चर्चा सुरू होते.

ग्रामसभेत

आकडे फळ्यावर लिहा, मोठ्या अक्षरांत. मोबाइलवर फिरवलेला तक्ता कुणी वाचत नाही. ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांना आणि बायकांना बोलायला लावा. पाणी आटल्यावर हंडा त्यांच्याच डोक्यावर येतो. माझ्या पाहण्यात जिथे बायकांनी पिण्याचा रकाना स्वतः वाचून दाखवला, तिथे त्या रकान्याला नंतर कुणी हात लावला नाही.

वाटपाचा निर्णय गावाचा, शास्त्रज्ञाचा नाही. पण आपल्याकडे दोन उदाहरणं आहेत आणि ती पुन्हापुन्हा सांगायला हवीत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाणी जमिनीच्या मापावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं आणि उसाला मनाई केली. आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार: पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गाव दर वर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडतं, त्यावरून रब्बी ठरतो, शेतीसाठी बोअर नाही, उसासारखी पिकं नाहीत. दोन्ही ठिकाणी नियम आधी ठरले होते, टंचाई आल्यावर नाही. म्हणून चांगल्या वर्षीच ठराव लिहून घ्या: ऑक्टोबरची सरासरी पातळी अमुक मीटरच्या खाली असेल तर उन्हाळी पीक बंद, त्याहून खाली असेल तर गहू-कांदाही नाही, फक्त ज्वारी-हरभरा. त्या दोन मर्यादा तुमच्या जुन्या नोंदींतूनच निघतात. ज्या वर्षी टँकर लागले, त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात पाणी कुठे होतं ते पाहा. ती पहिली मर्यादा.

जानेवारी आणि मार्चमध्ये विहिरी पुन्हा मोजा. पातळी ठरल्यापेक्षा वेगाने उतरत असेल तर उपसा कुठे वाढला ते शोधायला अजून वेळ असतो. मे अखेरीला ताळेबंदाच्या शेवटी तीन ओळी लिहा: ऑक्टोबरात किती पाणी धरलं होतं, प्रत्यक्ष किती क्षेत्र भिजलं, आणि विहिरीत किती उरलं. क्षेत्रासाठी तलाठ्याकडची पीक पाहणीची नोंद घ्या, नाहीतर सरळ शिवारफेरी करा. चार-पाच वर्षांच्या अशा ओळी जमल्या की दहा टक्के आणि दोन टक्के हे पुस्तकी आकडे खोडून तुमच्या खडकाचे खरे आकडे तिथे लिहिता येतात. माथ्याच्या विहिरींसाठी एक आणि ओढ्याकाठासाठी दुसरा, असे वेगवेगळे आकडे निघाले तर ते तसेच ठेवा, त्यांची सरासरी काढू नका.